जुना वाडा आणि उष्णतेचा पंप

मार्गशीर्ष लागला की खटाव तालुक्यातील औंध व आसपासच्या गावांत पहाटेच्या वेळी एक ठराविक देखावा दिसतो. यमाईच्या डोंगरावर उजाडण्यापूर्वीच खाली गावात परसापरसातून निळसर धूर वर चढू लागतो. स्वयंपाकासाठी गॅसचा सिलिंडर आलेला असतो, घरात विजेचे दिवे असतात, दाराशी मोटारसायकल उभी असते. परंतु आंघोळीचे पाणी मात्र अजूनही पुष्कळ घरी चुलाण्यावर किंवा तांब्याच्या बंबात, बाभळीच्या ढलप्यांवर व तुराट्यांवर तापत असते. ज्या घरी लाकूड मिळेनासे झाले आहे, तेथे बादलीत विजेची कांडी सोडून पाणी तापविले जाते. पहिल्या रीतीत घरातील बाईचे डोळे व पाठ झिजते, दुसरीत विजेचे बिल वाढते आणि प्रसंगी जीवही धोक्यात येतो.

अशा घरी अलीकडे एका नव्या यंत्राची शिफारस होऊ लागली आहे. त्याला बाजारात ‘हीट पंप’ म्हणतात. म्हणजेच उष्णतेचा पंप. एक युनिट वीज घेऊन तीन युनिटांची उष्णता देणारे हे यंत्र आहे, असे विक्रेते सांगतात. हे ऐकून काही जण त्यास थाप समजतात, तर काही जण कर्ज काढून ते घेण्यास तयार होतात. दोन्ही टोके चुकीची आहेत. यंत्र खरे आहे. परंतु ते कोणत्या घरी शोभते आणि कसे चालवावे लागते, याचा विचार खरेदीच्या अगोदर होणे जरूर आहे.

यंत्राचे तत्त्व

ह्या परगण्यातील शेतकऱ्यास पंप समजावून सांगण्याचे कारण नाही. विहिरीवरील मोटार पाणी निर्माण करीत नाही. ती खालचे पाणी वर उचलते. उष्णतेचा पंपही उष्णता निर्माण करीत नाही. बाहेरच्या हवेत जी उष्णता असते, ती तो गोळा करतो आणि टाकीतील पाण्यात नेऊन सोडतो. वीज लागते ती केवळ ह्या उपशासाठी. घरातील फ्रिज आतील उष्णता काढून पाठीमागच्या जाळीतून बाहेर टाकतो, तेच काम येथे उलट्या हेतूने केले जाते. हे तत्त्व नवे नाही. ऑस्ट्रियात मिठाच्या कारखान्यासाठी रिटिंगर नावाच्या अभियंत्याने १८५० नंतरच्या दशकात असे यंत्र चालवून दाखविले होते, आणि झुरिच शहराच्या सभागृहास १९३८ सालापासून नदीच्या पाण्यातून काढलेल्या उष्णतेने ऊब मिळू लागली. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड ह्या थंड देशांत तर आज लक्षावधी घरे ह्याच मार्गाने उबदार ठेवली जातात.

विहिरीचे उदाहरण पुढे नेले की यंत्राचे सारे मर्म ध्यानी येते. विहीर जितकी खोल, तितके त्याच विजेत कमी पाणी वर येते. उष्णतेचेही तसेच आहे. पौषातील पहाटे हवा १० अंशांवर असताना ६० अंशांचे पाणी मागितले, तर उपसा ५० अंशांचा होतो. दुपारी हवा २८ अंशांवर असताना ५० अंशांचे पाणी मागितले, तर उपसा २२ अंशांचाच राहतो. पहिल्या वेळी यंत्रास एका युनिटामागे दोन युनिटांएवढी उष्णता देतानाही कष्ट पडतात. दुसऱ्या वेळी ते तीन किंवा त्याहून अधिक देते. तेव्हा ‘एकास तीन’ हा यंत्राचा अंगभूत गुण नसून तो चालविणाऱ्याच्या शहाणपणाचा भाग आहे.

येथील घराची खरी गरज

युरोपात हे यंत्र प्रामुख्याने खोल्या उबदार करण्यासाठी बसवितात. औंधच्या वाड्यास त्याची गरज नाही. दोन-अडीच फूट रुंदीची दगडमातीची भिंत, वर धाब्याचे माळवद आणि लहान खिडक्या, अशी येथील जुन्या घरांची बांधणी असते. अशी भिंत दिवसाची ऊब रात्री परत देते आणि उन्हाळ्यात आत गारवा राखते. थंडीचे कडक दिवस थोडे. त्यांस घोंगडी व बंद दार पुरते. बाळंतिणीच्या खोलीत मात्र निखाऱ्याची शेगडी ठेवून दारेखिडक्या लावून घेण्याची रूढी आहे, ती सोडली पाहिजे. निखाऱ्यातून निघणाऱ्या विषारी वायूस वास नसतो, आणि झोपलेल्या माणसास तो पुन्हा उठू देत नाही. अशा खोलीस ऊब हवीच असेल, तर गरम हवाही देणारा एअर कंडिशनर भाड्याने किंवा विकत घेणे परवडते; तोही एक प्रकारचा उष्णतेचा पंपच होय.

म्हणजे येथील प्रश्न आंघोळीच्या व धुण्याभांड्यांच्या ऊन पाण्याचा आहे. तो आकड्यांनी तपासून पाहावा. दहा माणसांचे एकत्र कुटुंब धरू. प्रत्येकास २० लिटरची एक बादली ४० अंशांचे पाणी लागते. २० अंशांच्या थंड पाण्यात ५५ अंशांचे पाणी मिसळून ही बादली भरावयाची, तर त्यात कढत पाणी साडेअकरा लिटरच पडते. अर्थात दहा माणसांस सुमारे १२० लिटर कढत पाणी पुरे होते. तेवढे पाणी २० अंशांपासून ५५ अंशांपर्यंत तापविण्यास ४,२०० किलोकॅलरी उष्णता लागते.

ही उष्णता विजेच्या कांडीने मिळविली, तर रोज सुमारे ५ युनिटे जळतात. चुलाण्यावर लाकडातील उष्णतेपैकी चौथा हिस्साच पाण्यात उतरतो असे धरले, तर रोज सुमारे ५ किलो सुके लाकूड लागते. वर्षातील ३०० दिवस धरले, तर हे लाकूड दीड टन होते. वीस किलोची एक मोळी मानल्यास ह्या पंचाहत्तर मोळ्या झाल्या. आणि त्या बहुधा घरातील स्त्रीच्याच डोक्यावरून येतात. शेणी जाळल्या, तर शेताचे खत चुलाण्यात जाते. ह्या खर्चाची नोंद कोणत्याच वहीत होत नाही, म्हणून तो फुकट वाटतो. प्रश्नाचे खरे गांभीर्य येथे आहे.

पंपाचा हिशेब

आता हेच पाणी उष्णतेच्या पंपाने तापवू. टाकीतून रात्रभर वाया जाणारी थोडी उष्णता धरूनही रोज सुमारे २ युनिटे पुरतात. कांडीच्या मानाने रोज ३ युनिटे वाचतात. ३०० दिवसांत ९०० युनिटे. युनिटास ८ रुपये दर धरला, तर वर्षाकाठी ७,२०० रुपयांची बचत होते. यंत्राची किंमत बसविण्याच्या खर्चासह एक लाख रुपये झाली असे मानले, तर ती भरून येण्यास व्याज न धरताही चौदा वर्षे लागतील. कॉम्प्रेसर असलेले यंत्र कठीण पाण्यावर आणि खेड्यातील विजेवर चौदा वर्षे बिनतक्रार चालेल, असा भरवसा कोणीही देऊ नये. शिवाय लाख रुपयांत एक चांगली दुभती गाय येते किंवा शेतातील ठिबकाचे काम पुरे होते. शेतकरी कुटुंबाच्या हातातील लाख रुपये कोठे घालावेत, हा प्रश्न विक्रेत्याचा नसतो. तो कुटुंबाचा आणि त्यास सल्ला देणाऱ्या कार्यकर्त्याचा असतो.

म्हणून क्रम निश्चित असावा. खटाव तालुका पर्जन्यछायेचा आहे. पावसाने त्यास जे दिले नाही, ते सूर्याने भरभरून दिले आहे. ज्या घरी परसात किंवा न्हाणीघराच्या पक्क्या स्लॅबवर ऊन पडणारी मोकळी जागा आहे, तेथे सौरबंबच प्रथम योग्य. तो वीज खात नाही, त्याची किंमत पंपाच्या मानाने पुष्कळच कमी असते आणि वर्षातील बहुतेक दिवस तो पाणी देतो. चार-पाच जनावरे दावणीला असतील, तर गोबर गॅसचा विचार करावा. रोजच्या ५० किलो शेणावर दोन घनमीटरचे संयंत्र चालते, आणि वर खताची स्लरी मिळते ती वेगळीच. गॅसवर चालणारा तत्काळ पाणी तापविणारा गीझर स्वस्त वाटतो. परंतु तो बंद न्हाणीघरात लावला की निखाऱ्याच्या शेगडीचाच धोका उद्भवतो. तो बसवावयाचा तर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत.

पंप कोठे शोभतो

असे असले तरी उष्णतेच्या पंपास स्थान नाही, असे नव्हे. तीन ठिकाणी त्याचा विचार अवश्य करावा.

पहिले ठिकाण म्हणजे जेथे ऊन पोचत नाही व छपरास भार सोसत नाही असा दाटीतील वाडा. माळवदाच्या तुळया व किलचणे जुनी झालेली असतात. शंभर लिटरचा सौरबंब पाण्याने भरला की सांगाड्यासह दीडशे किलोच्या आसपास वा त्याहूनही अधिक वजन एका जागी पडते. असा भार माळवदावर कदापि ठेवू नये. त्याच्यासाठी छप्पर उतरवून स्लॅब टाकणे म्हणजे बंबासाठी घर मोडणे होय. पंप मात्र जमिनीवर, जोत्याच्या कडेला किंवा परसातील ओट्यावर बसतो. आज कांडी व गीझरवरच सर्व काम चालते आणि माणसे पुष्कळ आहेत, अशा वाड्यास तो परवडू शकेल.

दुसरे ठिकाण वसतिगृह, रुग्णालय, मंगल कार्यालय, यात्रेकरूंचे भक्तनिवास ह्यांसारख्या संस्थांचे. रोज १,००० लिटर पाणी २० अंशांपासून ५५ अंशांपर्यंत तापविण्यास साध्या विजेने सुमारे ४१ युनिटे लागतात. पंपाने वाया जाणारी उष्णता धरूनही १५ ते १६. रोज २५ युनिटे वाचली, तर वर्षभरात ९,००० हून अधिक युनिटे वाचतात. त्याच ८ रुपये दराने ही बचत ७० हजारांच्या पुढे जाते. मोठे यंत्र महाग असले, तरी येथे किंमत थोड्या वर्षांत भरून येते. घरगुती पंप चौदा वर्षे घेतो आणि संस्थेचा पंप काही वर्षांत फिटतो. फरक केवळ रोजच्या वापराचा आहे.

तिसरे ठिकाण दूध संकलनाचे. भांडी, कॅन व यंत्रे धुण्यास तेथे वर्षाचे बाराही महिने कढत पाणी लागते. परंतु येथे नवा पंप घेण्यापूर्वी जुन्याकडे पाहावे. दूध थंड करणारा बल्क कूलर हा स्वतःच उष्णतेचा पंप आहे. १,००० लिटर दूध ३५ अंशांवरून ४ अंशांवर आणताना सुमारे २९,००० किलोकॅलरी उष्णता बाहेरच्या हवेत फेकली जाते. कूलरला उष्णता परत मिळविण्याची जोडणी केली, तर तिच्यातून काही शे लिटर पाणी जवळपास फुकट गरम होऊ शकते. एका बाजूस उष्णता वाऱ्यावर सोडावयाची आणि दुसऱ्या बाजूस तीच विकत घ्यावयाची, हा व्यवहार कोणत्याही शेतकऱ्यास पटणारा नाही.

घेताना व बसविताना

पंप घ्यावयाचाच ठरला, तर टाकीचे माप आधी आपल्या माणसांवरून ठरवावे. वर दाखविल्याप्रमाणे दहा माणसांच्या घरास १५० लिटरची टाकी भरपूर होते; ३०० लिटरची घेऊन निम्मे पाणी तापवून निवविण्यात अर्थ नाही. नंतर विचारावयाचे ते दुरुस्तीविषयी. यंत्रात फ्रिजप्रमाणे गॅस असतो. तो गळाला, तर गावच्या वायरमनचे तेथे काम नाही. सातारा, कराड किंवा विटा येथून कारागीर किती दिवसांत येईल आणि सुटे भाग कोठे मिळतील, हे लेखी घ्यावे. ते मिळत नसेल, तर व्यवहार तेथेच थांबवावा.

जुन्या घरातील तारजोडणी हा सर्वांत नाजूक भाग होय. लाकडी पट्ट्यांतून गेलेल्या जुन्या तारांवर कोणतेही पाणी तापविणारे यंत्र जोडू नये. मीटरपासून स्वतंत्र तार, योग्य खोलीवर घातलेले अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारी ईएलसीबी ही तीन कामे यंत्राच्या अगोदर व्हावीत. ह्या बाबतीत पंपास एक गोष्ट अनुकूल आहे. लहान गीझर दोन किलोवॉट वीज ओढतो, तर घरगुती पंप एकाच्या आसपास. म्हणून तारेवर व गावठाणच्या रोहित्रावर त्याचा ताण कमी पडतो. परंतु त्याचा कॉम्प्रेसर कमी दाब सहन करीत नाही. जेथे सायंकाळी दिवे मंदावतात, तेथे स्टॅबिलायझर घ्यावा आणि वीज गेल्यानंतर परत येताच यंत्र लगेच सुरू न होता तीन-चार मिनिटे थांबेल, अशी सोय आहे ना ते पाहावे.

यंत्रास हवा मोकळी हवी. कोंदट माजघरात किंवा बोळात ते ठेवल्यास स्वतःच गार केलेली हवा ते पुन्हा ओढते आणि काम मंदावते. त्यातून पाणीही ठिबकते, पावसाळ्यात अधिक. हे पाणी मातीच्या भिंतीच्या पायात मुरले, तर भिंत फुगून पडण्याची भीती असते. म्हणून दगडी ओटा, त्यास उतार आणि पाणी बाहेर नेणारी नळी आवश्यक आहे. ते पाणी एखाद्या झाडास सोडावे.

चालविण्याची शिस्त

चांगले यंत्रही वाईट रीतीने चालविले, तर कांडीसारखेच महाग पडते. त्याची वेळ दुपारची असावी. अकरा ते तीन. हवा उबदार असते, उपसा उथळ असतो. चांगल्या आवरणाच्या टाकीत पाणी पहाटेपर्यंत थोडेच अंश उतरते. ज्या घराने २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेतून छपरावर सौर पॅनेल बसविले आहे, त्याची स्वतःची वीजही त्याच वेळी मिळते. पहाटे चार वाजता यंत्र सुरू करण्याची सवय मात्र सर्व बचत गिळून टाकते. पुष्कळ पंपांत आत एक साधी कांडीही असते. घाई झाली की घरातील माणसे तीच चालू करतात आणि महिन्याअखेर बिल पाहून यंत्रास दोष देतात. ती बंद ठेवावी.

तापमान ५० ते ५५ अंश ठेवावे. त्यापुढे प्रत्येक अंश महाग पडतो आणि क्षारही अधिक साचतात. कोमट पाणी टाकीत दिवसचे दिवस साठून राहिल्यास त्यात जंतू वाढतात. म्हणून आठवड्यातून एकदा ते ६० अंशांपर्यंत न्यावे. येथील विहिरींचे व बोअरचे पाणी कठीण आहे. टाकीतील गंज रोखणारी कांडी, म्हणजे अॅनोड, वर्षातून एकदा काढून पाहावी आणि झिजली असल्यास बदलावी. टाकीचा तळ वर्षातून दोनदा सोडून धुवावा. हवेच्या जाळीवर धूळ व भुसकट बसते. मळणीच्या दिवसांत ती आठवड्यास झाडावी. ह्या कामांस मिळून वर्षाचे दोन-तीन दिवस लागतात, परंतु तेच यंत्राचे आयुष्य ठरवितात.

नव्याचा स्वीकार कसा व्हावा

नव्या यंत्रास खेड्यातील माणूस नेहमीच विरोध करतो, असा आक्षेप घेतला जाईल. ह्या प्रांतात त्याचे एक उदाहरण प्रसिद्धच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर निघाला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते ह्या समजुतीने शेतकरी तो घेईनात. पुढे १९१० साली औंध संस्थानच्या आश्रयाने कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि तो नांगर घरोघर गेला. परंतु त्या गोष्टीचा बोध नीट घेतला पाहिजे. नांगर शिफारशीने खपला नाही. जमिनीत तो काय करतो, हे शेतकऱ्याने डोळ्यांनी पाहिले, तेव्हा तो खपला.

उष्णतेच्या पंपाचीही हीच रीत असावी. त्यास सवलती जाहीर करण्यापूर्वी तालुक्यातील एखाद्या वसतिगृहात किंवा दूध संकलन केंद्रात तो एक पूर्ण हिवाळा चालवावा. त्यास स्वतंत्र मीटर असावा, आणि रोज किती पाणी तापले व किती युनिटे जळली, हे दोन आकडे दारावरील फळ्यावर लिहावेत. जाणारायेणारा शेतकरी ते वाचील आणि स्वतःचा हिशेब स्वतः करील. १९३९ साली ह्याच औंधात राजाने राज्यकारभार गावपंचायतींच्या हाती सोपविण्याचा प्रयोग केला, तो गावचा माणूस आपले हित समजू शकतो ह्या विश्वासावर. एका पंपाच्या बाबतीत तरी तेवढा विश्वास ठेवण्यास हरकत नसावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्याने ह्या कामी यंत्राचा दलाल होऊ नये आणि वैरीही होऊ नये. कोणी विचारावयास आला, तर त्याने प्रथम घरात किती माणसे, पाणी कशावर तापते, लाकूड कोण आणते, परसात ऊन किती, अर्थिंग आहे काय, हे पाच प्रश्न विचारावेत आणि घरातील स्त्रीसमक्ष विचारावेत. कारण लाकूड कोण आणते ह्याचे खरे उत्तर तिच्याकडेच मिळेल. बहुतेक घरी उत्तर सौरबंबाकडे जाईल, काही घरी गोबर गॅसकडे आणि थोड्या घरी व संस्थांत पंपाकडे. यंत्र कोणतेही येवो. त्या पंचाहत्तर मोळ्या डोक्यावरून उतरल्या, माळवद शाबूत राहिले आणि घर कर्जात गेले नाही, तर काम सफल झाले असे समजावे.